गाडी घेताना सीट शिवू नये

नवा सोफा घ्यायचा म्हटलं तर कुणी ढुंकून बघत नाही. जुनी पिकअप घ्यायची म्हटली, की ज्याने जन्मात सायकलची चेन बसवली नाही तोही येऊन टायरला लाथ मारून जातो. टायरला लाथ मारल्यावर नक्की काय कळतं, हे मी कितीतरी जणांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. टायर तेवढे सगळ्यांचे मार खातात.

या लाथमाऱ्यांचा म्होरक्या म्हणजे माझा धाकटा दीर.

आमचं सोफे दुरुस्तीचं दुकान आहे. मी आणि सासूबाई शिवतो, नवरा लाकडी सांगाडे सांधतो. बसके सोफे, मांजरांनी ओरबाडलेले सोफे, जावयाने वर उभं राहून बल्ब बदलला म्हणून मोडलेले सोफे, सगळे आमच्याकडे येतात. म्हणजे आपल्या पायांनी येत नाहीत. ते आणावे लागतात आणि नीट करून परत पोचवावे लागतात. हे सगळं भाऊजींच्या टेम्पोतून चालायचं. भाऊजींचा सिमेंट-विटांचा धंदा. ‘वहिनी, दुपारी येतो’ म्हणायचे आणि गिऱ्हाईक शिव्या घालून दमलं की संध्याकाळी उगवायचे. टेम्पोत आधीच सिमेंटची पोती असायची. एका वकीलबाईंचा दुधी रंगाचा सोफा मी मन लावून केला होता. तो त्यांच्या घरी पोचला तेव्हा राखेतून उठल्यासारखा दिसत होता. वर भाऊजी त्या बाईंना म्हणाले, “आमच्या वहिनींचा छंद आहे हो. थोडं सांभाळून घ्या.”

छंद! माझ्या बोटांची टोकं दाभणाने चाळणी झाली आहेत. हा छंद कुणाला हवा असेल त्याने घेऊन जावा.

खरी गोष्ट वेगळीच होती. भाऊजींना आमचा गाळा हवा होता, गोदामासाठी. गाळा सासूबाईंच्या नावावर. एका संध्याकाळी जेवताना भाऊजी म्हणाले, “आई, दुकान माझ्या टेम्पोच्या जिवावर चाललंय. उद्या मी टेम्पो दिला नाही तर हे सोफे काय डोक्यावरून नेणार? त्यापेक्षा गाळा माझ्याकडे दे. वहिनी घरी बसून उशा शिवतील.”

मी म्हणाले, “उशा शिवेन की. पहिली तुमच्या तोंडावर ठेवून बघेन.”

नवरा पाणी प्यायला उठून गेला. तो असाच आहे.

सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं. “बास. या महिन्यात हिची स्वतःची गाडी दारात उभी राहिली तर गाळा हिचा. नाही राहिली तर धाकट्याचा. मला रोज जेवताना तुमची वकिली ऐकायची नाही.”

झालं. माझं सगळं आयुष्य एका जुन्या पिकअपवर येऊन टेकलं.

मला मिरवायला गाडी नको होती. रोजची हवी होती. तीन जणांचा सोफा आडवा मावावा. मागची फळी खाली पाडली की सोफा दोघांत चढवता यावा, तिसऱ्याला हाक मारावी लागू नये. सासूबाईंचा गुडघा दुखतो, त्यांना एका पायरीत आत बसता यावं. दुकानासमोरच्या चढावर थांबून पुन्हा निघताना गाडीने मागे घरंगळू नये. आणि सकाळी चावी फिरवली की सुरू व्हावी. एवढंच. चालवणार मीच होते. नवऱ्याला गाडी चालवता येत नाही आणि त्याची त्याला लाजही वाटत नाही, म्हणून तो मला आवडतो.

पण गाडी बघायला बाईने एकटीने जायचं नसतं, असं सगळ्यांचं ठरलेलं. जाणता माणूस बरोबर हवा. जाणता कोण? ज्याच्याकडे टेम्पो आहे तो. म्हणजे ज्याला मला गाडी मिळू द्यायची नव्हती, तोच मला गाडी पारखून देणार होता. हे मी घरात मोठ्याने बोलून दाखवलं. सगळे म्हणाले, तुझं मन फार संशयी.

पहिली गाडी एका दूधवाल्याची होती. भाऊजींनी टायरला लाथ मारली. बॉनेट उघडून हनुवटीला हात लावून उभे राहिले, जसे काही आत कुणी शेवटच्या घटका मोजतंय. तेलाची कांडी काढली, वास घेतला, डोळे मिटले.

“इंजिन उघडलेलं आहे.”

दूधवाला म्हणाला, “नाही हो साहेब. कंपनीतून आलंय तसंच आहे.”

“मग उघडायला झालंय,” भाऊजी म्हणाले.

दुसरी गाडी एका लॉन्ड्रीवाल्याची. भाऊजी तिच्याखाली जाऊन झोपले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला वाटलं डोळा लागला. बाहेर आले ते मान हलवतच. “चेसिसला रंग मारलाय. रंग कशाला मारतात? काहीतरी झाकायलाच ना?” तिसरीला रंग मारलेला नव्हता, तर म्हणे गंज धरणार. चौथीचा आवाज जास्त होता. पाचवीचा कमी होता, आणि कमी आवाज तर फारच वाईट, कारण त्याचा अर्थ काहीतरी दाबून ठेवलंय.

आणि प्रत्येक ठिकाणी एकच तमाशा. मालक चावी नवऱ्याच्या हातात द्यायचा. नवरा म्हणायचा, “ही चालवणार.” मालक ती माझ्याकडून परत घेऊन भाऊजींच्या हातात द्यायचा. लॉन्ड्रीवाला तर मला म्हणाला, “ताई, तुम्हाला स्कूटर दाखवू का? माझ्या बायकोची आहे. हलकी आहे.”

मी म्हटलं, “स्कूटरवर सोफा ठेवून दाखवा, दोन्ही घेते.”

महिना संपत आला. भाऊजी दुकानात येऊन टेप लावून गाळा मोजू लागले. माझ्या शिवणयंत्राशेजारी उभं राहून म्हणतात, “वहिनी, जरा पाय घ्या. इथे विटांची रांग येईल.”

त्या दिवशी सासूबाई दोरा दाताने तोडत म्हणाल्या, “त्याला कुठलीच गाडी पसंत पडणार नाही. आपण दोघीच जाऊ.”

“तुम्हाला कळतं गाडीतलं?”

“नाही. पण त्याला तरी कुठे कळतं? मी निदान गप्प बसेन.”

त्या गप्प बसणार नाहीत हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जुन्या गाड्यांचं मोठं आवार गावाबाहेरच्या रस्त्याला होतं. तारेचं कुंपण, एकच फाटक, पत्र्याची खोली आणि उन्हात रांगेने तापत उभ्या गाड्या. धनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला, कपाळावर गॉगल. इतर काही बोलत असला तर तो कपाळावरच असायचा. किंमत सांगायची वेळ आली की डोळ्यांवर ओढायचा. म्हणून आम्ही त्याला आपसात गॉगलच म्हणू लागलो.

“साहेब मागून येतायत का?” त्याने फाटकाकडे बघत विचारलं.

“साहेब घरी सांगाडे सांधतायत,” मी म्हटलं. “गाडी दाखवा.”

त्याने एक पांढरी दाखवली. छोटी, नाक नसलेली, इंजिन पुढच्या सीटखाली. बाहेरून चकचकीत. मागचा हौदा हवा तेवढा लांब, फळीही खाली. हीच ती, असं वाटलं. गॉगलला फोन आला. “बघा निवांत,” म्हणून तो पत्र्याच्या खोलीत गेला आणि कुणाशी तरी चढ्या आवाजात भांडत बसला.

मी ड्रायव्हरच्या बाजूला बसले, सासूबाई शेजारी. आता कुणीही शहाणं माणूस इथे काय करेल? चावी फिरवेल. गिअर टाकून बघेल. ब्रेक दाबेल. सासूबाईंनी बसल्या बसल्या सीटवर हात फिरवला आणि त्यांचा चेहरा कुजकं काही हाताला लागावं तसा झाला.

“हे कुणी शिवलंय?”

मी बघितलं. शिवण सरळ निघालेली आणि मध्येच बिथरलेली. कडेचं पायपिंग कोपऱ्यावर चुण्या पडून गोळा झालेलं. आत फोमचे तुकडे कोंबलेले, ते एका बाजूला सरकून टेंगूळ आलेलं. मागे टाके इतके लांब की त्यातून बोट जावं.

“हात होते का त्याला?” सासूबाई म्हणाल्या. “का पायाने शिवलंय?”

“जाऊ द्या. आपल्याला गाडी बघायची आहे.”

“मी कुठे नाही म्हणतेय? तू बघ गाडी. मी फक्त हा कोपरा उसवते.”

आमचे हात शिवशिवतात. आमच्या घरातल्या सगळ्यांना हा रोग आहे. दवाखान्यात नंबर लावून बसलो तरी बाकाचं रेक्झिन फाटलेलं दिसलं की जिवाला चैन पडत नाही. सासूबाईंच्या पिशवीत दाभण, दोरा आणि कात्री कायमची असते, इतर बायकांकडे कंगवा असतो तशी. त्यांनी कोपरा उसवला. कोपरा उसवल्यावर आतला फोम दिसला, आणि तो फोम बघून मी चावी खिशात टाकली.

“अहो, हा तर गादीचा चुरा आहे!”

“बघ ना. लाज नाही लोकांना.”

त्यानंतर आम्ही दोघींनी काय केलं ते सांगताना मला आजही स्वतःचाच राग येतो. आम्ही सीट उचलून बाहेर काढली. आवारातल्या एका ओट्यावर ठेवली. खोळ काढली, चुरा काढला, तो नीट विंचरून थरांत बसवला. माझ्या पिशवीत गिऱ्हाइकाच्या स्टुलासाठी घेतलेला फोमचा पट्टा होता. तो वर घातला. स्वतःच्या पैशांचा, लोकांच्या गाडीत. मी एका बाजूने टाके घालत गेले, सासूबाई दुसऱ्या बाजूने. मध्यावर भेटलो तेव्हा दोघींचा टाका टाक्याला मिळाला आणि आम्ही अशा हसलो की काय विचारू नका.

थोड्या वेळाने मी सीट परत बसवायला गेले, तर सासूबाई त्या रिकाम्या खड्ड्यात वाकलेल्या. चिंधीने काहीतरी पुसत होत्या.

“काय करताय?”

“अगं, खाली काय घाण होती! सगळं काळं काळं. तेलकट. स्वच्छ पुसून घेतलं बघ. आता एवढी छान सीट त्या घाणीवर बसवायची का?”

खाली इंजिन होतं. लख्ख. आणि सासूबाईंच्या हातातली चिंधी तेलाने निथळत होती.

माझ्या डोक्यात उजेड पडायला एक क्षण लागला, पण पडला. इंजिनमधून इतकं तेल बाहेर येतंय म्हणजे ते आत राहत नाही. जिच्यात तेल राहत नाही अशी गाडी मला नको होती. बरं झालं, सीट उचलल्यामुळे आपल्याला कळलं, असं मी स्वतःला समजावलं. सीट बसवली आणि चावी परत करायला निघाले.

तेवढ्यात फाटकातून भाऊजी आले.

नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. भाऊजींनी घरी फोन करून ‘वहिनी कुठे’ विचारलं आणि त्याने आवाराचं नाव, रस्ता, खुणेचं झाड, सगळं सांगितलं. पुढे ‘लवकर जा’ असंही म्हणाला असेल.

“काय वहिनी, आईला घेऊन परस्पर?” भाऊजी हसत हसत आले आणि आल्या आल्या पांढरीच्या टायरला लाथ घातली. “मला सांगितलं असतं तर.”

गॉगल खोलीतून धावत आला. एक मोठा माणूस आपल्या आवारात आला, टायरला लाथ मारतोय, याचा अर्थ गिऱ्हाईक खरं, हे त्याने ओळखलं. “या साहेब! बसून तर बघा.”

भाऊजी आत बसले. आणि बसले ते बसूनच राहिले. त्यांनी थोडं उड्या मारल्यासारखं केलं. मागे टेकले. डोळे मिटले. आमचं काम होतं ते, वाईट कसं असेल?

“वा,” ते म्हणाले. “सीट बघा! ही गाडी कुणीतरी जिवापाड जपलीय.”

गॉगलने सीट बघितली. मग आमच्याकडे बघितलं. मग ओट्यावर सांडलेल्या फोमच्या चुऱ्याकडे बघितलं. आणि हळूच गॉगल डोळ्यांवर ओढला. “साहेब, एकहाती गाडी. मास्तरांची होती.”

भाऊजी उतरले, सीट उचलली, इंजिनवर बोट फिरवलं आणि ते बोट हवेत धरून आम्हाला दाखवलं. “एक थेंब तेल नाही! आई, असं इंजिन बघायला नशीब लागतं.”

आता मी गप्प बसले असते तर कुणी मला दोष दिला नसता. पण मला गप्प बसता येत नाही, ही माझी खोड आहे.

“भाऊजी, तेल होतं. भरपूर होतं. सासूबाईंनी आत्ताच पुसलं.”

भाऊजी हसले. “आई पुसेल? इंजिन?”

“पुसलं रे,” सासूबाई म्हणाल्या. “घाण होती.” आणि पुरावा म्हणून त्यांनी ती चिंधी वर धरली.

“आई, ते टायरचं पॉलिश असेल.”

“आणि सीट आम्ही शिवलीय,” मी म्हटलं. “आत्ता. त्या ओट्यावर.”

आता मात्र भाऊजींच्या चेहऱ्यावर मायेचं हसू आलं, लहान मुलीने ‘मी चंद्रावर जाऊन आले’ म्हटल्यावर येतं तसं. त्यांनी गॉगलच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेलं, पण आवाज बाजूला नेला नाही. “आमच्या वहिनींना ही गाडी हवीय. म्हणून तिला नावं ठेवतायत, मी घेऊ नये म्हणून. बायकांची ही जुनी युक्ती. मी सगळं ओळखून आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, ही मीच घेतो. घरातच राहील. तुम्हाला सोफा न्यायचा असला की मागा. मी कधी नाही म्हटलंय? आणि मग वेगळी गाडी घ्यायची गरजच काय? गाळ्याचाही प्रश्न मिटला.”

म्हणजे बघा. मी खरं बोलले म्हणून माणसाने खोटी गाडी घेतली. आणि माझ्याच टाक्यांवर बसून माझा गाळा घ्यायला निघाला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की पायातली चप्पल पायातच आहे ना ते मी बघून घेतलं. भाऊजींनी मोबाईलवरून पैसे टाकले. गॉगलने चहा मागवला.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. “मी पुसलं नसतं तर,” त्या पुटपुटल्या.

“आणि मी शिवलं नसतं तर. चला. रांग अजून संपलेली नाही.”

रांगेच्या अगदी टोकाला, सावलीत, एक निळी उभी होती. हिला नाक होतं, इंजिन पुढे. एका दरवाजाचा रंग उडालेला. हौदा लांब, फळी खाली, पायरी एकच. दार उघडलं आणि आम्ही दोघी एकदम मागे सरकलो. ती सीट नव्हतीच. स्प्रिंगा बाहेर, काथ्या बाहेर, वर कुणीतरी पोतं टाकलेलं.

सासूबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला, भुकेल्या माणसाला पंगत दिसल्यावर निघतो तसला. हात पिशवीत गेलासुद्धा.

मी पिशवी ओढून घेतली. “नाही.”

“अगं, नुसती एक स्प्रिंग—”

“पैसे देईपर्यंत दाभण मिळणार नाही.”

“बसणार कशी मी?”

“पोत्यावर बसा. कळ काढा.”

गॉगल चहाचा कप घेऊन आला. “ही? ही कशाला बघताय ताई? हिच्यात कुणी बसूनसुद्धा बघत नाही.” बोलला आणि जीभ चावली.

“म्हणजे किंमत तुम्हीच पाडलीत की,” मी म्हटलं. “बसा शेजारी. फेरी मारून येऊ.”

“मी? तिथे?”

“धंदा तुमचा आहे. तुम्ही नाही बसणार तर कोण बसणार?”

तो बसला. सासूबाई आवारातच थांबल्या, धाकट्या लेकासमोर चहा घेत. मी निळी बाहेर काढली. मोठ्या गुळगुळीत रस्त्याकडे गॉगल बोट दाखवत होता. मी उलट वळले आणि खड्ड्यांच्या रस्त्याला लागले, कारण मी राहते तिथे खड्डेच आहेत. चढावर अर्ध्यात थांबवली, हँडब्रेक सोडला, पुन्हा निघाले. तसूभर मागे आली नाही. रिव्हर्स टाकून एका बोळात घातली. उतरून गाडीखाली वाकून बघितलं, तेलाचा थेंब नव्हता. कुठे हात फिरवला नाही, काही पुसलं नाही. बंद करून पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद करून पुन्हा. प्रत्येक खड्ड्यात गॉगल ‘आई गं’ म्हणत होता आणि प्रत्येक ‘आई गं’ला मी मनातल्या मनात किंमत उतरवत होते. परत आवारात शिरलो तेव्हा तो माझ्या आकड्याला नाही म्हणायच्या स्थितीत नव्हता. त्याला फक्त उतरायचं होतं.

उतरल्यावर मात्र जरा सावरला. कंबर धरून म्हणाला, “ताई, एक सांगू? माझ्या सगळ्या गाड्यांच्या सीटा करून द्या की. त्या पांढरीसारख्या. गाड्या भराभर उठतील.”

“करेन. पण सीट गिऱ्हाइकासमोर उचलणार. आणि खालचं मी पुसणार नाही.”

त्याने गॉगल खाली ओढला आणि तो विषय संपला.

मी पैसे दिले, कागदावर सही केली. मालकाच्या जागी माझं नाव. गॉगलने ‘साहेबांची सही?’ असं विचारायला तोंड उघडलं होतं, माझं तोंड बघून मिटलं.

भाऊजी पांढरीच्या खिडकीतून सगळं बघत होते. “वहिनी, हे भंगार घेतलंत? आत बसवणार कुणाला, शत्रूला?”

“सध्या तुमच्या आईला.”

“आई, तू माझ्याबरोबर चल. मऊ सीट आहे.”

सासूबाईंनी पांढरीकडे बघितलं, निळीकडे बघितलं. आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. “ती सीट मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या आणि निळीत चढल्या. एका पायरीत.

भाऊजी पुढे निघाले. ऐटीत, हात खिडकीबाहेर. फाटकापर्यंत गेले. बरोब्बर फाटकाच्या मध्यात पांढरीने एक उचकी दिली आणि बंद पडली. भाऊजींनी चावी फिरवली. किर्र. पुन्हा फिरवली. किर्र किर्र. गाडी उभी होती तिथपासून फाटकापर्यंत जमिनीवर एक काळी ओली रेघ आली होती, कुणी ब्रशने ओढल्यासारखी.

“तेच ते,” सासूबाई वाकून म्हणाल्या. “मी पुसलं होतं ना, तेच.”

मी हॉर्न दिला. एकदाच. मला घरी जायचं होतं.

भाऊजींनी डोकं बाहेर काढलं. “नव्या हातात गाडी आली की वेळ लागतो!”

“बाजूला घ्या!”

“ती जातच नाहीये!”

“साहेब, विकलेला माल परत घेतला जात नाही,” गॉगल लांबूनच ओरडला आणि पत्र्याच्या खोलीत शिरून त्याने आतून कडी लावली.

एकच फाटक. पुढे दीर, मागे मी. खाली उतरून मी पोतं घडी घालून पांढरीच्या मागे अडकवलं, रंग खरवडू नये म्हणून, आणि म्हटलं, “भाऊजी, न्यूट्रल करा. स्टिअरिंग सरळ धरा. मी ढकलते.”

“वहिनी, लोक बघतील.”

“लोक पुढची गाडी बघतात. तुम्ही पुढेच आहात.”

हे त्यांना पटलं. खरंच पटलं! मी निळीचं नाक पांढरीच्या पाठीला लावलं आणि हळूच दाबलं. वरात निघाली. पुढे भाऊजी ताठ बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. रस्त्यावर त्यांचा एक विटावाला ओळखीचा भेटला. तो ओरडला, “नवी गाडी? अभिनंदन!” भाऊजींनी हात वर केला. “कशी चालते?” “एकदम शांत,” भाऊजी म्हणाले. “इंजिनचा आवाजच नाही!”

पोतं आता गाडीबाहेर गेलेलं, त्यामुळे सासूबाई उघड्या स्प्रिंगांवर होत्या. प्रत्येक खड्ड्याला अर्धवट उठत होत्या, पण तोंडातून हूं की चूं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, “गाळ्याचं काय ठरलं होतं गं आपलं?”

“गाडी दारात उभी राहिली तर माझा.”

“अजून राहिली नाही.”

“पोचतोयच की.”

“हं.” त्या पुढच्या काचेतून लेकाच्या टाळूकडे बघत राहिल्या. “मग आधी याला वाटेत कुठेतरी सोड. दोघं एकदम दारात उभे राहिलात तर पुन्हा वकिली सुरू होईल.”

पुढच्या वळणावर उतार लागतो आणि उताराच्या तळाशी गॅरेज आहे. मी पाय ब्रेकवर ठेवला. निळी जागच्या जागी थांबली. पांढरी थांबली नाही. ती आपली डौलात पुढे जात राहिली. तिचे ब्रेक कसे आहेत ते मी काही बघितलं नव्हतं. पण काळजीचं कारण नव्हतं. आत जाणता माणूस बसलेला होता.